राष्ट्रसभेचा अध्यक्ष कोण निवडतो?

ज्या संस्थेला देशाचा कारभार लोकांच्या मतांनीं मिळवावयाचा आहे, तिनें आपल्या घरचा कारभारी कसा निवडावा, हा प्रश्न वरवर पाहतां त्या संस्थेच्या सभासदांपुरता दिसतो. पण किंचित् खोल विचार केला तर तो सर्व जनतेचा प्रश्न आहे असें दिसून येईल. निवडणुकीच्या दिवशीं मतदार मतपेटीपाशीं जातो, तेव्हां त्याच्यापुढें जीं चार-सहा नांवें असतात तीं त्यानें ठरविलेलीं नसतात. तीं पक्षांच्या पुढाऱ्यांनीं आधींच ठरवून ठेवलेलीं असतात. म्हणजे लोकांनीं निवड करण्यापूर्वीं एक निवड होऊन गेलेली असते. आणि ती पहिली निवड जर बंद खोलींत झाली, तर दुसरी निवड कितीही उघड्या मैदानावर झाली तरी तिचें अर्धें सत्त्व नाहींसें होतें. जो माल दुकानांत आलाच नाहीं तो गिऱ्हाइकानें मागावा कसा? या दृष्टीनें राष्ट्रीय सभेनें, म्हणजे काँग्रेसनें, आपले अध्यक्ष १८८५ पासून आजपर्यंत कसकसे निवडले याचा हिशेब आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों. ही संस्था आम्हीं घेतली ती तिच्यावर आमचा विशेष राग किंवा लोभ आहे म्हणून नव्हे. देशांतील मोठ्या पक्षांत तिचें चोपडें सर्वांत जुनें, आणि जमेच्या व खर्चाच्या दोन्ही बाजूंस त्यांत भरपूर नोंदी, एवढेंच कारण.

सन १८८५ च्या डिसेंबरच्या २८ तारखेस मुंबईस गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेंत पहिली सभा भरली. ती मुळांत पुण्यास भरावयाची होती; पण तेथें पटकीची सांथ उद्भवल्यामुळें ती मुंबईस नेण्यांत आली. बहात्तर प्रतिनिधि जमले. ह्यूम साहेबांनीं व्योमेशचंद्र बानर्जी यांचें नांव सुचविलें, मद्रासचे सुब्रह्मण्य अय्यर यांनीं त्यास अनुमोदन दिलें, आमचे काशिनाथ त्रिंबक तेलंग यांनीं दुजोरा दिला, आणि अध्यक्ष खुर्चीवर बसले. त्या काळीं यांत वावगें कांहींच नव्हतें. अध्यक्ष म्हणजे तीन-चार दिवसांच्या सभेचा अध्यक्ष. त्यानें भाषण करावें, वादविवादास शिस्त लावावी, आभार स्वीकारावे आणि आपल्या गांवीं जावें. वर्षभर चालणारी कचेरी नव्हती, मोठा खजिना नव्हता, आणि उमेदवाऱ्या वांटण्याचा अधिकार तर नव्हताच. ज्या शहरीं सभा, त्या शहरच्या स्वागत मंडळीनें एखाद्या मान्यवर गृहस्थास बोलवावें, हा प्रघात पडला. १८८६ सालीं कलकत्त्यास दादाभाई, १८८७ सालीं मद्रासेस बद्रुद्दीन तय्यबजी, १८८८ सालीं अलाहाबादेस जॉर्ज यूल, १८९५ सालीं पुण्यास सुरेंद्रनाथ बानर्जी असे एकामागून एक अध्यक्ष झाले. मतें कोणीं मोजलीं नाहींत, व मोजावीं असें फारसें कोणास वाटलेंही नाहीं. जेथें हातीं सत्ता नाहीं तेथें खुर्चीसाठीं भांडण नाहीं, आणि भांडण नाहीं तोंवर नियमांची उणीव भासत नाहीं.

ती उणीव वंगभंगाच्या चळवळीनें उघडी पाडली. सभेनें पुढें कोणत्या मार्गानें जावें याविषयीं जहाल व नेमस्त असे दोन पक्ष झाले, आणि अध्यक्षाची खुर्ची हें त्या वादाचें निशाण बनलें. १९०६ सालीं कलकत्त्यास टिळकांचें नांव पुढें येऊं लागतांच नेमस्तांनीं ८१ वर्षांच्या दादाभाईंना इंग्लंडहून आणविलें. दादाभाईंच्या नांवास विरोध कोण करणार? वाद टळला खरा, पण मिटला नाहीं. एका वंदनीय पुरुषाच्या वजनाखालीं तो झांकून ठेवला गेला. आणि पुढें या सभेंत मतांऐवजीं वजन वापरण्याची जी खोड जडली तिचें पहिलें ठळक उदाहरण आम्हांस येथें दिसतें.

वर्षभरांत त्याचें फळ दिसलें. १९०७ चें अधिवेशन नागपुरास व्हावयाचें, तें सुरतेस नेण्यांत आलें. जहालांस लाला लजपतराय अध्यक्ष हवे होते. स्वागत मंडळानें रासबिहारी घोष यांस ठरविलें होतें. पहिल्या दिवशीं गोंगाट होऊन सभा तहकूब झाली. दुसऱ्या दिवशीं, २७ डिसेंबर रोजीं, टिळकांनीं तहकुबीची सूचना मांडण्यासाठीं स्वागताध्यक्षांकडे चिठ्ठी पाठविली. तिचें उत्तर आलें नाहीं, म्हणून ते स्वतः व्यासपीठावर चढले. मग खुर्च्या उडाल्या आणि एक दक्षिणी जोडा येऊन सुरेंद्रनाथांस व फेरोजशहा मेहतांस लागला. त्या जोड्याची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे; त्या अनुत्तरित चिठ्ठीची गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाहीं. आमच्या मतें बोध चिठ्ठींतच आहे. मतभेद मांडावयास व मतें मोजावयास सर्वमान्य असा मार्ग त्या मंडपांत असता, तर एक पक्ष हरला असता व दुसरा जिंकला असता, पण सभा फुटली नसती. मतें मोजण्याची सोय नव्हती म्हणून आवाज मोजले गेले, आणि आवाज पुरेनासे झाले तेव्हां हात मोजले गेले. पुढें टिळक मंडालेस गेले, सुटून आले, १९१६ सालीं लखनौस पुन्हां सभेंत शिरले. १९१८ च्या दिल्लीच्या अधिवेशनासाठीं त्यांची निवडही झाली. परंतु चिरोलवरील खटल्यासाठीं ते विलायतेस गेल्यामुळें मदनमोहन मालवीय यांनीं तें स्थान भूषविलें. अशा रीतीनें ज्या पुरुषाच्या नांवावरून सभेंत एवढे रण माजलें तो त्या खुर्चीवर कधींच बसला नाहीं.

सन १९२० सालीं नागपुरास सभेला खरी घटना मिळाली. चार आणे वर्गणी भरील तो सभासद. भाषावार प्रांतिक समित्या. साडेतीनशें सभासदांची अखिल भारतीय समिति. आणि वर्षभर काम पाहणारें पंधरा जणांचें कार्यकारी मंडळ. या चार आण्यांचें महत्त्व जितकें सांगावें तितकें थोडेंच आहे. तोंपर्यंत सभा ही वकील-डॉक्टरांची वार्षिक बैठक होती. आतां खेड्यांतला शेतकरी व नाक्यावरचा वाणी हे भागीदार झाले, आणि भागीदार झाला म्हणजे पेढीचा मुनीम कोण हें विचारण्याचा हक्क त्याच्याकडे आपोआप येतो. त्याच वेळीं अध्यक्षपदाचें स्वरूपही पालटलें. तीन दिवसांचा सभापति जाऊन वर्षभराचा कारभारी आला, व प्रांतांकडून त्याच्यासाठीं नांवें मागविली जाऊं लागलीं. कागदावर हें सर्व उत्तम होतें.

परंतु कागद आणि वहिवाट यांचा मेळ बसला नाहीं. १९२९ सालीं प्रांतिक समित्यांपैकीं दहांनीं गांधीजींचें, पांचांनीं वल्लभभाईंचें आणि तिघींनीं जवाहरलालांचें नांव पाठविलें. गांधीजींनीं पद नाकारलें. मतांचा क्रम पाहतां पुढलें नांव वल्लभभाईंचें होतें. पण लखनौस अखिल भारतीय समितीची बैठक होऊन निवड झाली ती गांधीजींच्या सल्ल्यानें तिसऱ्या नांवाची. आदल्या वर्षीं वडील मोतीलालजी अध्यक्ष होते, त्यांच्यामागून चिरंजीव झाले. जवाहरलालांच्या योग्यतेविषयीं वाद नाहीं. लाहोरास पूर्ण स्वराज्याचा ठराव त्यांच्याच अध्यक्षतेखालीं झाला. आमचें म्हणणें इतकेंच कीं, योग्य मनुष्य अयोग्य वाटेनें आला तर मनुष्य जातो व वाट राहते.

त्याहून मोठी परीक्षा १९३९ सालीं झाली. २९ जानेवारीस प्रांतोप्रांतींच्या प्रतिनिधींनीं मतें दिलीं. सुभाषचंद्र बोस यांस १५८० मतें पडलीं, व पट्टाभि सीतारामय्या यांचा दोनशेंहून अधिक मतांनीं पराभव झाला. पट्टाभींचा पराभव हा आपलाच पराभव आहे असें गांधीजींनीं जाहीर केलें. कार्यकारी मंडळांतील बहुतेकांनीं राजीनामे दिले. मार्चमध्यें त्रिपुरीस ठराव झाला कीं, अध्यक्षानें आपलें मंडळ गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावें. आणि एप्रिल संपण्यापूर्वीं निवडून आलेल्या अध्यक्षास पद सोडावें लागलें. राजेंद्रप्रसाद त्यांच्या जागीं आले. गांधीजींविषयींचा आमचा आदर कोणाहून कमी नाहीं. जो पुरुष चार आण्यांचा सभासदही राहिला नव्हता, त्याच्या शब्दास हजारों प्रतिनिधींच्या मतांहून अधिक मोल यावें, हें त्याच्या तपस्येचें द्योतक आहे, यांत शंका नाहीं. तथापि तपस्वी एकदांच येतो, आणि त्याच्यासाठीं केलेला अपवाद मात्र पुढें तपस्या नसलेल्यांच्याही उपयोगीं पडतो. १९४६ सालीं पुन्हां तोच प्रकार झाला. प्रांतांचा कल वल्लभभाईंकडे असतां गांधीजींची इच्छा जाणून त्यांनीं माघार घेतली, आणि जो त्या वर्षीं अध्यक्ष तोच हंगामी सरकारचा मुख्य झाला.

स्वराज्यानंतर प्रश्नास नवें वळण लागलें. अध्यक्ष मोठा कीं मुख्य प्रधान मोठा? आचार्य कृपलानींनीं १९४७ सालीं, सरकार आपल्याला विचारीत नाहीं, या तक्रारीवर पद सोडलें. १९५० सालीं तिरंगी लढत झाली; पुरुषोत्तमदास टंडन यांस १३०६, कृपलानींस १०९२ आणि आपल्या शंकरराव देवांस २०२ मतें मिळालीं, व टंडनजी नाशिकच्या अधिवेशनांत अध्यक्षस्थानीं बसले. सभेच्या इतिहासांतील ही सर्वांत मोकळी निवडणूक होय. परंतु मुख्य प्रधानांशीं त्यांचें जमलें नाहीं. पुढील वर्षीं सप्टेंबरांत ते बाजूस झाले आणि जवाहरलालांनीं दोन्ही पदें आपल्याकडे घेतलीं. सुभाषबाबूंस मतांनीं आणलें व वजनानें घालविलें; टंडनजींसही मतांनीं आणलें व वजनानेंच घालविलें. बारा वर्षांत दोनदां असें झाल्यावर, मतें दिलीं काय न दिलीं काय, असें प्रतिनिधींस वाटूं लागलें तर दोष कोणाचा?

एक गोष्ट मात्र जमेच्या बाजूस लिहिलीच पाहिजे. लालबहादुर शास्त्री वारले तेव्हां, १९६६ च्या जानेवारींत, संसदेंतील पक्षानें चिठ्ठ्या टाकून नेता निवडला. इंदिरा गांधींस ३५५ व मोरारजी देसाईंस १६९ मतें पडलीं; हरलेल्यानें हार मानली आणि वर्षभरानें तो उपप्रधान म्हणून त्याच मंत्रिमंडळांत बसला. मतदानानें पक्ष फुटत नाहीं याचा यापेक्षां स्पष्ट पुरावा कोणता? पक्ष फुटला तो १९६९ सालीं, आणि तोही परस्परांस काढून टाकण्याच्या हुकुमांनीं.

त्यानंतरच्या काळाविषयीं लिहितांना लेखणी जड होते. १९७२ पासून १९९२ पर्यंत, म्हणजे वीस वर्षें, सभेंत तळापासून वरपर्यंत निवडणुकाच झाल्या नाहींत. तालुक्याची समिति जिल्ह्यानें नेमावी, जिल्ह्याची प्रांतानें, प्रांताची दिल्लीनें, असें झरे उलटे वाहूं लागले. महाराष्ट्रानें याचें फळ पुरेपूर चाखलें. १९८० ते १९८५ या सहा वर्षांत अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा पाटील व शिवाजीराव पाटील निलंगेकर असे चार मुख्यमंत्री मुंबईस होऊन गेले. आणि आमदारांनीं आपला नेता निवडावयाचा ही घटनेची रीत, दिल्लीहून आलेलें नांव ऐकून टाळ्या वाजविण्यापुरती उरली. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजीं इंदिराबाईंची हत्या झाली आणि राजीव गांधी प्रधानही झाले व पक्षाध्यक्षही झाले. २१ मे १९९१ रोजीं त्यांचीही हत्या झाली, तेव्हां कार्यकारी मंडळानें पहिला ठराव केला तो त्यांच्या पत्नीस अध्यक्ष करण्याचा. त्यांनीं नकार दिला म्हणून नरसिंह रावांचें नांव पुढें आलें. ज्या संस्थेंत वीस वर्षें मतें मोजलीं गेलीं नाहींत तिला शोकाच्या घडीस घराण्यावांचून दुसरा आधार सांपडूं नये, यांत नवल तें काय?

नरसिंह रावांनीं १९९२ सालीं निवडणुका पुन्हां सुरू केल्या, त्याचें श्रेय त्यांस दिलें पाहिजे. पण तिरुपतीस कार्यकारी मंडळासाठीं मतदान झालें तेव्हां निवडून आलेल्यांत अनुसूचित जाति-जमातींचा कोणी नाहीं, स्त्री एकही नाहीं, असें दिसलें. आणि त्या कारणास्तव निवडून आलेल्यांकडून राजीनामे घेऊन पुन्हां नेमणुका करण्यांत आल्या. सुधारणेच्या कैवाऱ्यांनीं या ठिकाणीं विशेष सावध राहिलें पाहिजे. उणीव खरी होती व लाजिरवाणीही होती. तिच्यावर उपाय होता तो राखीव जागा ठेवून त्यांसाठींही मतें घेण्याचा. योजला गेला तो उपाय मात्र मतेंच रद्द करण्याचा. मागासलेल्या समाजाचें नांव पुढें करून वरिष्ठांचा अधिकार वाढवावयाचा, ही युक्ति आपल्या देशांत नवी नाहीं. २०२३ सालीं रायपुरास हाच धडा पुन्हां वाचला गेला. मंडळांतील निम्म्या जागा अनुसूचित जाति-जमाति, इतर मागासवर्ग, अल्पसंख्य, स्त्रिया व तरुण यांच्यासाठीं राखण्याचा स्तुत्य ठराव झाला. आणि त्याच अधिवेशनाच्या वेळीं मंडळाची निवडणूक न घेतां सर्व नेमणुका अध्यक्षांवर सोंपविण्यांत आल्या. जागा दिली, पण ती मतानें मिळविण्याचा मान दिला नाहीं. नेमलेला मनुष्य नेमणाऱ्याचा असतो. निवडलेला मनुष्य निवडणाऱ्यांचा असतो. दलितांस व स्त्रियांस दुसऱ्या प्रकारच्या जागा हव्या आहेत.

अध्यक्षपदापुरतें पाहिलें तर १९९७ सालीं पुन्हां तिरंगी सामना झाला. सीताराम केसरी यांस ६२२४, शरद पवार यांस ८८२ व राजेश पायलट यांस ३५४ मतें पडलीं. वर्ष पुरतें झालें नाहीं तोंच, १४ मार्च १९९८ रोजीं, कार्यकारी मंडळानें केसरींस बाजूस सारून सोनिया गांधींस अध्यक्ष केलें. सहा हजारांहून अधिक मतांनीं बसविलेला मनुष्य एका खोलींतील बैठकीनें उठविला. २००० सालीं सोनियाबाईंस ७४४८ व जितेंद्र प्रसाद यांस ९४ मतें मिळालीं. त्यानंतर बावीस वर्षें मतदानाचा प्रसंगच आला नाहीं. २०१७ सालीं राहुल गांधी बिनविरोध आले. २०१९ च्या पराभवानंतर त्यांनीं पद सोडलें. आणि मग तीन वर्षें हंगामी अध्यक्षावर गाडा चालला. २०२० सालीं तेवीस पुढाऱ्यांनीं पत्र लिहून निवडणुका मागितल्या, तेव्हां त्यांस प्रथम निष्ठेचा प्रश्न विचारला गेला. अखेरीस १७ ऑक्टोबर २०२२ रोजीं मतें पडलीं. मल्लिकार्जुन खर्गे यांस ७८९७, शशी थरूर यांस १०७२, बाद ४१६. दलित समाजांत जन्मलेला, कामगारांच्या व जिल्ह्याच्या राजकारणांतून वर आलेला एक वृद्ध कार्यकर्ता मतांनीं त्या खुर्चीवर बसला, आणि हरलेल्या उमेदवारास पुढील वर्षीं कार्यकारी मंडळांत जागा मिळाली. या दोन्ही गोष्टींचें आम्ही मनापासून अभिनंदन करतों.

पण त्या निवडणुकींतही एक प्रश्न असा उठला कीं तो या सर्व चर्चेचें मर्म आहे. मतदार कोण? सुमारें दहा हजार प्रतिनिधींची यादी प्रसिद्ध करा, अशी मागणी पक्षाच्याच कांहीं खासदारांनीं केली. उत्तर मिळालें कीं, उमेदवारांस ती कचेरींत पाहतां येईल. अहो, ज्या यादींत कोणाचीं नांवें आहेत हें जगास ठाऊक नाहीं, तिच्यांतील नांवें कोणीं घातलीं हें कसें कळणार? प्रतिनिधि हेच जर तळच्या मतांवांचून वरून नेमलेले असतील, तर वर झालेलें मतदान म्हणजे नेमणाऱ्यानेंच आपल्या निरनिराळ्या हातांनीं दिलेलीं मतें होत. मतमोजणी चोख आणि मतदारयादी गुप्त, ही ताजवा खरा आणि वजनें खोटीं असल्यासारखी गोष्ट आहे. आमच्या व्यापारी वाचकांस ती अधिक फोडून सांगण्याची गरज नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, पक्ष ही खासगी संस्था आहे. तिनें आपला म्होरक्या चिठ्ठी टाकून निवडावा कीं नाणें उडवून, इतरांस काय त्याचें? हें म्हणणें पूर्वीं कदाचित् चाललें असतें. आज चालणार नाहीं. पक्षाच्या उत्पन्नावर कायद्यानें प्राप्तिकराची सूट आहे. त्याचें निवडणूक-चिन्ह सरकारी यंत्रणा राखून ठेवते. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे १९८५ सालीं झालेला पक्षांतरबंदीचा कायदा. त्यायोगें लोकांनीं निवडलेला आमदार किंवा खासदार पक्षाच्या आज्ञेविरुद्ध मत देईल तर त्याची जागा जाऊं शकते. म्हणजे तुमच्या-आमच्या मतानें गेलेल्या प्रतिनिधीची जीभ पक्षाच्या आज्ञेशीं कायद्यानें बांधलेली आहे. ज्याच्या आज्ञेस कायद्याचें बळ, त्याची निवड मात्र खासगी बाब, हा न्याय आम्हांस उमगत नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, निवडणुकीनें चांगला नेता मिळेलच याची हमी काय? हमी कांहींच नाहीं. इंग्लंडांतील हुजूर पक्षानें १९६५ पर्यंत आपले नेते वडीलधाऱ्यांच्या कुजबुजीनें ठरविले, मग खासदारांच्या मतांनीं, व पुढें अखेरचा शब्द साऱ्या सभासदांकडे दिला. आणि २०२२ सालीं त्या सभासदांनीं निवडलेल्या लिझ ट्रस बाईंस दोन महिन्यांच्या आंत राजीनामा द्यावा लागला. खर्गे यांचा निकाल लागला त्याच्या दुसऱ्याच दिवशींची ती गोष्ट. निवडणूक चूक टाळीत नाहीं. ती चूक दुरुस्त करण्याची वाट उघडी ठेवते. घराण्याच्या किंवा वजनाच्या निवडींत चूक झाली तर ती दुरुस्त करावयास बंडावांचून मार्ग उरत नाहीं. मतदानानें हरलेले सदाच नांदले असेंही आम्ही म्हणत नाहीं. कृपलानी १९५० सालीं हरले व पुढील वर्षीं पक्ष सोडून गेले. पण एकटा मनुष्य बाहेर पडणें निराळें, आणि १९०७ किंवा १९६९ प्रमाणें घर दुभंगणें निराळें.

बंडाच्या त्या मार्गानें काय होतें हें महाराष्ट्रास परक्याच्या तोंडून ऐकण्याची आवश्यकता नाहीं. २०२२ सालीं शिवसेना व २०२३ सालीं राष्ट्रवादी काँग्रेस हे पक्ष दुभंगले. खरा पक्ष कोणता हा वाद निवडणूक आयोगापुढें गेला. फेब्रुवारी २०२३ च्या शिवसेनेविषयींच्या निर्णयांत आयोगानें पक्षाची घटना लोकशाहीस धरून नाहीं असा शेरा मारला. फेब्रुवारी २०२४ च्या दुसऱ्या निर्णयांत संघटनेंतील बहुमत खात्रीलायक ठरवितां येत नाहीं असें म्हटलें. आणि दोन्ही वेळां निकाल विधिमंडळांतील संख्येवर दिला. कोणता गट खरा हें ठरविणें आमचें काम नाहीं. आमचें लक्ष वेधलें तें एवढ्याचकडे, कीं लाखों कार्यकर्ते असलेल्या पक्षांपाशीं, ‘आमच्या सभासदांनीं अमक्यास निवडलें’ असें सिद्ध करणारा विश्वसनीय कागद नव्हता. वाडा वडिलोपार्जित खरा, पण खरेदीखत कोठें? खत नसलेल्या मिळकतीवर जो आंत राहतो त्याचा ताबा धरला जातो, तसेंच झालें. भारतीय जनता पक्षासह इतर पक्षांनींही यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. जेथें अध्यक्ष प्रत्येक वेळीं बिनविरोध ठरतो, तेथें एकमत आहे कीं मतच मागितलें गेलें नाहीं, हें बाहेरच्यास कळण्यास साधन नसतें.

कायदा यांत काय करतो? १९८९ पासून पक्षांची नोंदणी आयोगाकडे करावी लागते, व नोंदणीच्या वेळीं राज्यघटनेशीं आणि लोकशाहीशीं निष्ठा लिहून द्यावी लागते. ती निष्ठा पाळली न गेल्यास काय, यास कायद्यांत उत्तर नाहीं. सामान्यतः एकदां केलेली नोंदणी आयोगास रद्द करतां येत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २००२ सालीं सांगितलें. पक्षांतर्गत लोकशाही कायद्यानें बंधनकारक करावी, अशी शिफारस विधि आयोगानें १९९९ सालींच केली होती. शिफारस दप्तरांत पडली. तिला बाहेर काढावयाची ती ज्यांनीं, त्यांच्याच खुर्चीस तिनें धक्का बसणार. मग ती धूळ खाणार नाहीं तर काय होईल?

म्हणून आमच्या सूचना थोड्या व सरळ आहेत. पहिली, कोणत्याही नोंदलेल्या पक्षाच्या अध्यक्षाच्या निवडीपूर्वीं मतदारांची यादी निदान एक महिना आधीं सर्वांस पाहतां येईल अशी प्रसिद्ध व्हावी. दुसरी, निवड घेणारा अधिकारी त्या पक्षांतील पदाधिकारी नसावा. तिसरी, ज्या मतदारांनीं अध्यक्षास बसविलें त्यांच्याच मतांवांचून त्यास मुदतीपूर्वीं उठवितां येऊं नये. म्हणजे त्रिपुरी व १९९८ यांची पुनरावृत्ति टळेल. चौथी, मागासवर्गांच्या व स्त्रियांच्या राखीव जागा अवश्य असाव्या, आणि त्या मतांनींच भरल्या जाव्या. पांचवी, हें न करणाऱ्या पक्षास करांची सूट मिळूं नये. यांतील एकही गोष्ट अशक्य नाहीं. आमच्या शहरांतील सहकारी पेढ्या व पतसंस्था आपल्या संचालकांसाठीं मतदारयादी लावतात, हरकती ऐकतात, चिठ्ठ्या मोजतात. त्यांत लबाड्याही होतात, पण त्या पकडतां येतात, कारण कागद असतो. जें पतसंस्थेस जमतें तें देश चालवूं पाहणाऱ्यांस कां जमूं नये?

शेवटीं दोन शब्द वाचकांस. पक्षास देणगी द्यावयास मनुष्य तुमच्या दुकानीं येतो, वर्गणीची पावती फाडावयास येतो, मत मागावयास तर येतोच. त्यास पुढल्या वेळीं एकच प्रश्न विचारा: तुमच्या तालुक्याचा अध्यक्ष कोणीं निवडला, केव्हां, व किती मतांनीं? उत्तर मिळालें तर आनंदच आहे. तो घुटमळला तर त्यास रागें भरूं नका. पावती-पुस्तक परत द्या आणि उत्तर घेऊन या म्हणून सांगा. राष्ट्रसभेच्या त्या चार आण्यांनीं एके काळीं वकिलांची बैठक राष्ट्राची सभा केली. ते चार आणे देणारा हिशेब मागूं लागेल, तेव्हांच हीं चोपडीं पुन्हां उघडीं होतील. पुढाऱ्यांनीं आपण होऊन तीं उघडावीं अशी वाट पाहत बसणें व्यर्थ आहे.